शुद्ध शब्दांत

उपासना सुटल्यावर मंडळी आमच्या घरी येणार होती, म्हणून बाबांनी सकाळीच पुढच्या खोलीत खुर्च्या मांडल्या. पाळकसाहेबांची खिडकीखाली, जावयांची तिच्या शेजारी, स्वतःची समोर, आणि दाराजवळ एस्तेरताईसाठी स्टूल. तिला खुर्ची का नाही, असे मी विचारले. खुर्च्या संपल्या, असे ते म्हणाले. ते खरे होते. परंतु त्या कोणापाशी येऊन संपाव्यात हे खुर्च्या ठरवीत नाहीत.

मग त्यांनी मधल्या मेजावर धुतलेला रुमाल अंथरला, त्यावर पवित्र शास्त्र ठेवले आणि शास्त्राशेजारी खड्या मिठाची स्टीलची वाटी.

"आजही?" मी म्हणाले.

"आजच. आज जिभा सुटायचा दिवस आहे, थोमाबाई."

थोमा म्हणजे येशूच्या जखमेत बोट घातल्याशिवाय तो मेलेल्यांतून उठला यावर विश्वास ठेवणार नाही असे म्हणणारा शिष्य. मी त्या वर्षी पुण्यात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करीत होते आणि सुट्टीत घरी आले तरी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, जात नव्हते, म्हणून मला हे नाव पडले होते. बाबा ते रागाने म्हणत नसत. रागाने काहीही म्हणणे त्यांनी सोडून दिले होते, आणि ते कसे सोडले हे सांगितल्याशिवाय पुढचे नीट समजणार नाही.

माझे वडील शांतवन अमोलिक एस.टी.च्या कार्यशाळेत मेकॅनिक होते. त्यांच्या शिव्या साऱ्या आवारात प्रसिद्ध होत्या. गंजलेला बोल्ट, शिकाऊ पोरे, वरचे साहेब आणि आमची आई यांच्यात ते त्या बाबतीत भेद करीत नसत. मी शाळेत असताना आमच्या मंडळीत बाहेरगावचे एक उपदेशक आले. ख्रिस्ती माणसाचे बोलणे मिठाने रुचकर केलेले असावे, या प्रेषिताच्या वचनावर ते बोलले. प्रेषिताला अभिप्रेत होती ती चव. बाबांना ऐकू आले ते औषध. यंत्राच्या माहितीपत्रकात लिहिलेले जसेच्या तसे करायचे असते, अर्थ लावत बसायचे नसते, अशी त्यांची कामाची शिस्त होती. ती त्यांनी शास्त्राला लावली. देवळातून येताना वाण्याकडून खडे मीठ आणले आणि आईची सुपारीची वाटी त्यासाठी घेतली.

नियम असा ठरला: वाईट शब्द निघाला की खडा जिभेवर ठेवायचा, तो विरेपर्यंत गप्प राहायचे, मग ते वचन म्हणायचे, आणि मग जे सांगायचे होते तेच पुन्हा शुद्ध शब्दांत सांगायचे. आरंभी ती वाटी जवळजवळ ते एकटेच रिकामी करीत. त्यांचे ओठ फुटले, हिरड्या सुजल्या. जेवताना आई ताटात मीठ वाढायचे विसरून जाई आणि ते मागत नसत.

मीठ भाषेवर परिणाम करते असे मानण्यास कोणताही आधार नाही. खडा विरायला लागणारा अवधी हाच खरा उपाय होता, असे माझे मत तेव्हा होते व आजही आहे. परंतु उपाय लागू पडला, हे मी नाकारीत नाही. ज्या घरात चहा थंड झाला म्हणून आईच्या आईचा उद्धार होत असे, त्या घरात पुढे माझ्या तोंडून "गाढव" निघाले तरी चौघांचे हात थांबत. मिशन कंपाउंडमध्ये लोक हसत. अमोलिकांकडे भाजी अळणी आणि तोंडे खारट, असे शेजारच्या ओहोळकाकू म्हणत. नंतर त्यांनीच आपल्या नवऱ्यासाठी वाटी मांडली. रविवारच्या शाळेत बाबांना साक्ष द्यायला बोलावू लागले. ते उभे राहून एवढेच सांगत की माझे तोंड गटार होते आणि प्रभूच्या वचनाने ते धुतले. खाली बसताना त्यांचे कान लाल झालेले असत.

एस्तेरताईचे लग्न जालन्याच्या शमुवेल त्रिभुवन यांच्याशी झाले होते. ते हायस्कूलमध्ये मराठी शिकवीत आणि तिथल्या मंडळीत गायनाचे पुढारी होते. आवाज इतका मऊ की बोहल्यावर, म्हणजे आमच्याकडे वेदीपुढे, त्यांनी दिलेले वचन मागच्या बाकांपर्यंत पोचले नव्हते. ताईला मूल व्हायचे होते. ते पोटातच गेले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती एक पिशवी घेऊन घरी आली आणि परत जाणार नाही म्हणाली.

का, ते ती सांगेना. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर बाबा तिला जवळ बसवून विचारीत. ती बोलायला तोंड उघडी, वाटीकडे पाही, आणि ते कडक आहेत, एवढे म्हणून उठून जाई. शेवटी मी तिला स्वयंपाकघरात गाठले. ती गहू निवडत होती.

"मारतात का?"

"नाही."

"मग सांगत का नाहीस?"

तिने सूप खाली ठेवले. "शुद्ध शब्दांत येत नाही गं ते, रिबका. मी रात्रंदिवस करून बघितलं. शुद्ध केलं की त्यातलं जे आहे ते निघून जातं. मग मलाच वाटतं, एवढंच तर होतं."

मला हे समजले, कारण आमच्या प्रयोगशाळेत ते रोज घडे. काही पदार्थ ऊर्ध्वपातनात टिकत नाहीत. शुद्ध करायला जावे तर चंबूत दुसरेच काही उतरते. मी तिला तसे सांगितले. ती पहिल्यांदा हसली. "तुझ्या चंबूला सासर नाही," ती म्हणाली.

तर त्या रविवारी मंडळी आली. पाळक आढाव यांनी प्रार्थना केली आणि घर मोडायला एक वाक्य पुरते, बांधायला आयुष्य जाते, असे सांगून जावयांना बोलायला सांगितले. आमच्या घरच्या रीतीप्रमाणे तक्रारीआधी माणसाचे चांगले सांगायचे असे. त्रिभुवन सरांनी फक्त चांगलेच सांगितले. एस्तेरबाई सुगरण आहेत, प्रार्थनाशील आहेत, मुलाचे दुःख त्यांनी फार मनाला लावून घेतले, आपणच कुठे कमी पडलो असू. त्यांनी तिच्याविरुद्ध एक शब्द उच्चारला नाही. बाबा मान हलवीत ऐकत होते. एखादे इंजिन आवाज न करता चालते तेव्हा त्यांचा चेहरा तसा होत असे.

मग पाळक ताईकडे वळले.

"ते कडक बोलतात," ती म्हणाली.

"कडक म्हणजे?"

"टोचून."

"हात उचलतात का?"

"नाही."

दारूचे विचारून झाले, घरखर्चाचे झाले, दुसऱ्या बाईचे झाले. सर्वांना तिने नाही म्हटले. सगळ्या तपासण्या ठीक आल्यावर डॉक्टर नातेवाइकांकडे पाहतो तसे पाळकांनी बाबांकडे पाहिले.

"बाबा," ताई म्हणाली, "या घरात गाढव म्हटलं तरी मीठ लागतं. आणि तिथे हात उचलला नाही म्हणजे काही झालंच नाही?"

"तसं नाही, बाळ. तू सांग ना. आम्ही ऐकायलाच बसलोय. फक्त शुद्ध शब्दांत सांग."

ती स्टुलावरून उठून मेजापाशी आली, वाटीतला एक खडा उचलला आणि जिभेवर ठेवला. शब्दाआधी मीठ घेतलेले त्या घरात कोणी पाहिले नव्हते. तो विरेपर्यंत आम्ही सगळे सवयीने गप्प राहिलो. पाळकही, ज्यांना सवय नव्हती. तिने वचन म्हटले नाही.

"घरात कोणी नसलं की ते मला नावाने हाक मारत नाहीत," ती म्हणाली. "बाळ गेलं तेव्हापासून मला गाभडी म्हणतात. गाभडी, ताट वाढ. गाभडी, दार लाव. प्रार्थनेला बसतानासुद्धा, गाभडी, पुस्तक दे. ओरडून नाही. प्रार्थना सांगतात त्याच आवाजात. मी इकडे यायच्या आधी त्यांच्या बहिणीची म्हैस व्याली, तेव्हा पेढा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, बघ, जनावराला जमलं."

गाय किंवा म्हैस मुदतीआधी वासरू टाकते तेव्हा ती गाभडली असे म्हणतात. गोठ्यात ती शिवी नाही. जनावरांचा डॉक्टरही तोच शब्द वापरतो. माझ्या समोर बसलेल्या माणसांना तो शब्द ऐकून नेमके काय झाले ते मी पाहिले: पाळकांनी रुमालाने ओठ टिपले. बाबांचा हात आपोआप वाटीकडे गेला, ती ताईच्या दिशेने थोडी सरकली, आणि हात तिथेच थांबला. त्रिभुवन सर खाली पाहत होते.

"बाईमाणसाच्या तोंडी असं..." पाळक म्हणाले, आणि मग, "एस्तेर, शिकलासवरलेला नवरा असं बोलेल हे जरा मनाला पटत नाही. दुःखात कधी कधी ऐकण्यातही चूक होते."

"बोलतात," आई म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बैठकीत तिला कोणी खुर्ची किंवा स्टूल मांडले नव्हते, आणि ती तिथे आहे हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षातही नव्हते.

"हाच शब्द या घरात होता," ती म्हणाली. "एस्तेरच्या पाठीवरचं गेलं तेव्हा. ही धाकटी पोटात राहीपर्यंत होता."

तिने बाबांकडे पाहिले नाही. माझ्याआधी एक मूल गेले होते हे मला माहीत होते. त्या काळात तिला कोणत्या नावाने हाक मारली जात होती, हे मला त्या क्षणी कळले. बाबांच्या साक्षीत ते कधी आले नव्हते. गटार, एवढेच येत असे. तोही एक शुद्ध शब्द होता.

आता ताई सुटेल असे मला वाटले. पुरावा मिळाला होता, साक्षीदार मिळाला होता, आणि न्याय करायला बसलेल्या माणसाला गुन्हा आतून माहीत होता. यापेक्षा चांगली मांडणी मला सुचली नसती.

तेवढ्यात त्रिभुवन सर उठले. त्यांनी वाटीतला खडा घेतला, जिभेवर ठेवला, डोळे मिटून तो विरू दिला. मग ते बाबांपुढे गुडघे टेकून बसले. मी जिभेने पाप केले आहे, असे ते म्हणाले. जीभ लहान असली तरी तिची ठिणगी रान पेटवते, हे मी वर्गात शिकवतो आणि घरी मीच पेटवतो. आणि मग म्हणाले, "दादा, तुम्ही यातून कसे सुटलात, ते मला शिकवा."

ते ढोंग होते की नाही, हे मी आजही निश्चित सांगू शकत नाही. पुढे जे घडले त्यावरून मागे जाऊन अनुमान काढणे सोपे आहे, पण ती पद्धत सदोष आहे. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, एवढे मी पाहिले.

बाबा रडू लागले. त्यांनी आयुष्यात एकच गोष्ट जिंकली होती, आणि आजवर ती त्यांच्याकडे कोणी मागितली नव्हती. लोक साक्ष ऐकत, हसत, टाळ्या वाजवीत. हा पदवीधर माणूस गुडघ्यांवर बसून मागत होता. बाबांनी त्याला उठवून छातीशी धरले.

"सगुणा," ते आईला म्हणाले, "मी सुधारलो की नाही?"

"सुधारलात."

"मग? हाही सुधारेल. मी याच्याहून वाईट होतो."

"तुम्ही सुधारलात," आई म्हणाली. "पण तोवर ऐकत कोण होतं?"

मी म्हणाले की एका निरीक्षणावरून नियम होत नाही. एक माणूस बदलला यावरून दुसरा बदलेल असे निघत नाही, आणि बदलला तरी तोवर ताईने तिथेच असायला हवे असेही निघत नाही. तिला इथे राहू द्या, ते सुधारल्यावर पाहू.

"थोमाबाई," बाबा डोळे पुसत मऊपणे म्हणाले, "तुझ्या प्रयोगशाळेत प्रभू येत नाही गं." पाळक हसले. खोलीतला ताण त्या हसण्याने गेला, आणि मला तेव्हाच कळले की संपले.

बाबांनी उरलेले मीठ मेजावरच्या रुमालात बांधले आणि ती पुरचुंडी जावयांच्या हातात दिली. नियम समजावून सांगितले. अवधी कसा पाळायचा, वचन केव्हा म्हणायचे. त्रिभुवन सर विद्यार्थ्यासारखे मान डोलावीत होते.

"बाबा, मला पाठवू नका," ताई म्हणाली.

त्या वाक्यात वावगे काहीच नव्हते. ते पूर्णपणे शुद्ध होते. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, प्रभू सांभाळील म्हणाले, आणि स्वतः तिची पिशवी उचलून स्टँडवर सोडायला गेले.

पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत मी जालन्याला गेले. त्रिभुवन सरांनी माझे अगत्याने स्वागत केले. घर स्वच्छ होते, आवाज कोणाचाच चढत नव्हता, आणि जेवणाच्या मेजावर मीठ होते. जेवताना ताई मला सांगू लागली की नळाला पाणी फार उशिरा येते, जीव नकोसा होतो. सरांनी बोलणे न थांबवता एका बोटाने वाटी तिच्याकडे सरकवली. जीव नकोसा होतो, हे वाईट बोलणे होते. तिने खडा घेतला, तो विरू दिला, वचन म्हटले आणि मग म्हणाली, "पाणी उशिरा येतं, पण येतं." त्या दोन दिवसांत वाटी अनेकदा सरकली. भाजी करपली म्हणाली तेव्हा, दमले म्हणाली तेव्हा. सरांच्या बाजूला वाटी एकदाही गेली नाही, कारण तिकडे ती सरकवणारे कोणी नव्हते.

निघताना मी तिला विचारले की तो शब्द अजून म्हणतात का.

"आता ते माझ्याशी फार चांगलं बोलतात," ती म्हणाली.

हे मी बाबांना जसेच्या तसे सांगितले. ते उठले आणि घरातली वाटी परसात नेऊन पालथी केली. ते जालन्याला गेले, तिला घेऊन येतो म्हणून. ताईने त्यांना जेवू घातले आणि सांगितले की मी सुखात आहे, घर सोडून येण्यासारखे काही कारण नाही. खरोखरच नव्हते. कारण सांगायला जे शब्द लागतात ते तिच्याजवळ उरले नव्हते. बाबांनी तिला परत परत विचारले. तिने परत परत तेच सांगितले. त्यानंतर त्यांना साक्षीला बोलावले की ते तब्येतीचे कारण देत.

आई गेली. मी नोकरी धरली, डॉक्टरेट केली, लग्न केले नाही. ताईला मूल झाले नाही. जालन्याच्या मंडळीत ती स्त्रियांचा वर्ग घेऊ लागली. विषय: ख्रिस्ती घरातील संभाषण. ती फार चांगले शिकवते, असे मी अनेकांकडून ऐकले आणि त्यावर अविश्वास ठेवण्याचे मला कारण नाही.

बाबांना शेवटचा आजार लागला तेव्हा ती आणि त्रिभुवन सर भेटायला आले. सर ओहोळकाकूंच्या ओसरीवर बसून तिथल्या लोकांशी बोलत होते. खोलीत बाबा, ताई आणि मी. बाबांना बोलताना धाप लागे, म्हणून ते मोजके बोलत. त्यांनी तिचा हात धरला.

"एस्तेर, मला बोल."

"काय बोलू, बाबा?"

"तोंडाला येईल ते. तुला पाठवलं मी. शिवी दे मला."

तिने त्यांच्या अंगावरची चादर नीट केली. "असं काय बोलता, बाबा? तुम्ही आमच्यासाठी किती केलंत."

"एक दे. मला सगळ्या येतात. मी सांगतो, तू नुसती म्हण." आणि माझ्या वडिलांनी, ज्यांच्या तोंडून मी शाळेनंतर कधीही वावगा शब्द ऐकला नव्हता, धापा टाकत तिला शिव्या शिकवायला सुरुवात केली. एकेक, हळू, लहान मुलाला बाराखडी सांगावी तशा. प्रत्येकीनंतर थांबून ते तिच्या तोंडाकडे पाहत. शेवटी त्यांनी तो शब्द उच्चारला, आणि म्हणाले, "हे मी होतो. तुझ्या आईला मी म्हणालो. आता तरी बोल."

ताई ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर दुःख असेल, राग असेल, काहीतरी हलेल, म्हणून मी पाहत होते. निरीक्षण हा माझा व्यवसाय आहे.

"प्रभू तुम्हाला शांती देवो, बाबा," ती म्हणाली.

बाबांनी तिचा हात सोडला आणि तोंड भिंतीकडे केले.

बाहेरून त्रिभुवन सरांनी हाक दिली, "एस्तेरबाई, निघायचं का? बस चुकेल."

"आले हं," ती म्हणाली.

तिच्या या दोन्ही वाक्यांच्या स्वरात मला कोणताही फरक आढळला नाही.